हृदयात पू नसतो

जळगावात इको रूममध्ये, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होते तिथे, टेक्निशियन म्हणून मला बावीस वर्षं झाली. हृदयाभोवतीच्या पिशवीत जंतू शिरून पू होणं हा आजार पुस्तकात दुर्मिळ म्हणून दिलाय. म्हणून तो कोणी शोधतच नाही, आणि आमच्याकडे किस्से साठत जातात. सांगायला बसले की डोकं फिरतं.

*

पाचोऱ्याचा एक टेलर. दहा दिवस ताप आणि छातीत दुखणं. तिथल्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं आणि सांगितलं, "टेन्शन घेऊ नका." आमच्या मॅडमनी, म्हणजे हार्टच्या डॉक्टरांनी, इको केला आणि लगेच सुई घातली. पिवळा, घट्ट पू. सिरिंजमागून सिरिंज भांड्यात रिकामी केली. टेलर शुद्धीवरच होता. भांड्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, एवढं टेन्शन होतं माझ्यात?"

*

तो पू लॅबमध्ये पाठवला. कोणता जंतू ते कळल्याशिवाय नेमकं औषध देता येत नाही. दोन दिवस अंदाजानंच औषध चाललं. मग बाटली तशीच परत आली, वर चिठ्ठी: 'हृदयात पू नसतो. फॉर्मवरची जागा दुरुस्त करून पाठवा.'

मॅडम स्वतः खाली गेल्या. लॅबवाल्याला वॉर्डात घेऊन आल्या, टेलरच्या छातीतून पू काढायला बसवलेली नळी दाखवली आणि म्हणाल्या, "करा दुरुस्त."

*

दीपनगरची एक शिक्षिका, पस्तिशीची. न्यूमोनियानंतर धाप लागायला लागली. एक्स-रेत हृदय मोठं दिसलं, म्हणून तिकडे तीन दिवस लघवीच्या गोळ्या दिल्या. इको कोणी केलाच नाही. हृदय मोठं नव्हतंच, भोवतीच्या पुवानं ते आवळलं होतं. मॅडमनी ग्लोव्हज घालेपर्यंत ती गेली. नवरा दाराशी तिची पर्स धरून उभा होता.

तासाभरानं त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. मला वाटलं, तिची चौकशी करतील.

"कागदावर माझं नाव नाही ना घातलं?"

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. "डिग्रीसकट घातलंय," म्हणाल्या.

*

सोनगीरच्या एक अक्का, साठीच्या. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं. धुळ्यातल्या एका डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आजी, नाटकं बंद करा. सरळ झोपा."

लेक जळगावात असते, ती आमच्याकडे घेऊन आली. पू काढला, कित्येक आठवडे इंजेक्शनं चालली. बऱ्या झाल्यावर गावी जाताना अक्कांनी लेकीला धुळ्यात गाडी थांबवायला लावली. त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि कोणी न सांगता तपासणीच्या टेबलावर सरळ उताण्या झोपल्या.

डॉक्टर गडबडले. "काय होतंय आजी?"

"काहीच व्हत नही," अक्का स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुम्ही फक्त दखा."