नलिनीवहिनींचा नकार

नलिनीवहिनी गेल्याचं मला गल्लीच्या ग्रुपवरून कळलं. पोलोग्राउंडच्या आमच्या ऑफिसात सकाळचा चहा घेत होतो आणि मोबाइलवर गल्लीतल्या बंडूभियांचा मेसेज आला, 'हमारी गली की शान, नलिनी आंटी नहीं रहीं।' सोबत हार घातलेला फोटो. मग जोडलेल्या हातांची रांग लागली, एकामागून एक, सगळ्या घरांतून. मला आधी दुःख झालं नाही, संताप आला. शान? ज्या बाईला याच गल्लीनं लग्नमुंजीला बोलावणं बंद केलं होतं, जी दुकानात शिरली की बायका बोलणं थांबवायच्या, ती एका सकाळीत शान झाली? मी फोन टेबलावर उलटा टाकला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला आणि मीही दोन जोडलेले हात पाठवून दिले... हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी इतरांवर बराच राग काढणार आहे.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, रघुदादाची बायको. माहेर हातोदचं, सासर छत्रीबागेत, नोकरी एका शाळेत गणित शिकवण्याची. रघुदादा लवकर गेला, मुलगी मीनल लग्न होऊन भोपाळला गेली आणि वहिनी गल्लीच्या टोकाच्या त्या घरात एकट्या राहिल्या. स्वभाव गोड होता असं मी लिहिणार नाही. शोकसभेत सगळ्यांनी तेच सांगितलं आणि ते खोटं आहे. त्या तिखट होत्या. समोरच्याची चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, मग तो भाजीवाला असो की व्याही. मी बँकेची नोकरी सोडून एका संस्थेत लागलो तेव्हा घरात सगळे काळजीत होते, वहिनींनी मात्र सरळ विचारलं, "भावजी, तुमचं काम काय आहे एक्झॅक्टली?" मी म्हणालो, शहरात जी कामं होतात, पाण्याची, कचऱ्याची, झाडांची, त्यात वस्तीतल्या लोकांना सहभागी करून घ्यायचं, त्यांचं मत विचारायचं. त्या हसल्या. "मतलब लोकांना त्यांचंच मत समजावून सांगायचं, आणि त्याचा पगार घ्यायचा. छान आहे हो!" मला ते झोंबलं होतं. आजही झोंबतं, कारण पुढे मी अगदी तेच केलं.

कचरा वेगळा करण्याचं काम आमच्या शहरानं मनावर घेतलं तेव्हा वहिनी सगळ्यांच्या पुढे होत्या, हे आज कुणाला आठवत नाही. ओला, सुका, काचेचा असे डबे घेऊन त्या घरोघर गेल्या. शेजारणीचा डबा अंगणात उपडा करून, "हे काय आहे? केळ्याच्या सालीसोबत शॅम्पूची पुडी? दोघांचं लग्न लावलंय का?" असं त्यांनी विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. एकदा त्यांच्याकडे चहा पिऊन मी बिस्किटाचा कागद चुकीच्या डब्यात टाकला, तर माझ्याकडूनच तो बाहेर काढवला. "तुम्ही तर साहेब आहात या कामातले. काढा, काढा, लाजू नका." तेव्हा आमचं बरं होतं. रविवारी मी पोहे घेऊन जायचो, त्या वरून शेव घालून, कांदा कमी पडल्याबद्दल पोहेवाल्याला शिव्या घालत खायच्या.

मग आमच्या संस्थेनं ती गल्ली 'आदर्श गल्ली' करायचं ठरवलं. सगळ्या घरांचा ओला कचरा गल्लीतच जिरवायचा, त्याचं खत करायचं, काम लोकांनीच चालवायचं, आणि जी गल्ली हे आधी करील तिला महापालिकेचं बक्षीस. कल्पना चांगली होती, अजूनही आहे. गल्लीच्या समितीचे अध्यक्ष बंडूभिया, त्यांचा पोलोग्राउंडला लेथ मशीनचा कारखाना, बोलणं मोठं आणि ओळखी त्याहून मोठ्या. खताच्या शेडसाठी दोन जागा होत्या. एक देवळामागची, जिथे बंडूभियांची मालाची गाडी उभी राहायची. दुसरी गल्लीच्या टोकाची पट्टी, वहिनींच्या स्वयंपाकघराला लागून. कोणती ठरली हे सांगायला नको. बैठक व्हायच्या आधी, चहा पिता पिता, मी आणि बंडूभियांनी ती ठरवून टाकली होती.

आमच्या संस्थेचा एक नियम होता आणि तो मला फार अभिमानाचा वाटायचा. एक घर जरी नाही म्हणालं तरी काम सुरू करायचं नाही. दुबळ्या माणसाचाही आवाज ऐकला जावा म्हणून केलेला नियम. समितीच्या हॉलमध्ये बैठक झाली, पोहे-जिलेबी झाली, मी नकाशा दाखवला आणि हात वर करायला सांगितले. सगळे हात वर गेले. वहिनींचा गेला नाही.

"खत व्हायला पाहिजे," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "पण माझ्या चुलीला लागून नाही. देवळामागे जागा आहे ना, तिकडे करा."

"तिकडे देव आहेत, मावशी," बंडूभिया म्हणाले.

"तिकडे तुमची गाडी आहे, बंडू. देवाचं नाव कशाला बदनाम करता?"

हॉलमध्ये हशा झाला. बंडूभियांचा चेहरा पडला आणि मला तिथेच कळायला हवं होतं की आता काहीतरी वाईट होणार. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "वहिनी, सगळी गल्ली एका बाजूला आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "हो, मी दुसऱ्या बाजूला आहे. तुम्ही मत विचारलंत, मी सांगितलं. विचारायचं नव्हतं तर विचारायचं नव्हतं ना!"

काम अडलं. आणि इथेच आमच्या त्या सुंदर नियमानं दात दाखवले. बहुमतावर काम झालं असतं तर वहिनी हरल्या असत्या, चार दिवस फणफणल्या असत्या आणि विषय संपला असता. पण एका घरामुळे सगळं थांबतं म्हटल्यावर सगळी गल्ली त्या एका घरावर वळली. ज्या नियमानं त्यांना जपायचं होतं, त्यानंच त्यांना एकटं पाडून सगळ्यांसमोर उभं केलं. बक्षीस हातचं जाणार, पेपरात फोटो येणार नाही, बाजूची गल्ली पुढे जाणार, आणि हे सगळं एका म्हातारीच्या हट्टापायी... असं लोक उघड बोलू लागले.

गल्लीत एक 'टोको टोली' होती, म्हणजे चुकणाऱ्याला हटकणारी टोळी. कचरा मिसळणाऱ्याच्या दारापुढे सकाळी जाऊन बायका-पुरुष थाळी वाजवायचे, शिट्ट्या मारायचे, तो ओशाळून बाहेर यायचा, सगळे हसायचे. टोली माझ्याच डोक्यातून निघाली होती. लोकांनी लोकांनाच टोकायचं, सरकारी दंड नको, पोलीस नको, असं मी मोठ्या कौतुकानं सांगत असे. बंडूभिया एक दिवस मला म्हणाले, "भिया, मावशींच्या दारापुढे जरा थाळी वाजवून बघू का? मजाक-मजाकमध्ये मान जातील." वहिनींच्या घरात कचरा मिसळत नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी 'नको' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तुमची गल्ली आहे, तुमचा निर्णय." आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात आवडतं वाक्य. ऐकायला किती लोकशाहीचं वाटतं! मी ते हात धुवायला वापरलं.

सकाळी थाळ्या वाजल्या. मी कोपऱ्यावरच्या पोह्याच्या ठेल्यापाशी उभा होतो. वहिनी ओल्या-सुक्याचे दोन्ही डबे घेऊन बाहेर आल्या आणि ओला डबा त्यांनी रस्त्यावर उपडा केला. भाजीची देठं, चहाचा चोथा, बटाट्याची सालं. "दाखवा. काय मिसळलंय, दाखवा मला." कुणी पुढे झालं नाही, पण थाळ्याही थांबल्या नाहीत. कुणीतरी शिट्टी मारली. ज्या शेजारणीचा डबा त्यांनी कधीकाळी उपडा केला होता ती सर्वांत जोरात वाजवत होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला तेव्हा समजलाही. वहिनींनी लोकांना कमी दुखावलं नव्हतं. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "अरे, भावजी! या ना पुढे. मागे कशाला उभे? तुमचाच तर कार्यक्रम आहे." मी पोह्याची पुडी हातात धरून उभा राहिलो. गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही थाळ्या वाजल्या, तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर किती दिवस, ते मी विचारलं नाही, कारण मी त्या बाजूला जाणंच सोडलं.

पुढच्या बैठकीत वहिनींनी हात वर केला. टाळ्या पडल्या. बंडूभियांनी आणलेली शाल आणि नारळ मी त्यांना दिला, 'सहकार्याबद्दल'. त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली, नारळ माझ्या हातात परत दिला आणि हळूच म्हणाल्या, "नारळ ठेवा भावजी. पुढच्या घराला लागेल." त्या माझ्याशी बोलल्या ते हे शेवटचं वाक्य.

गल्लीला बक्षीस मिळालं. शेड काही महिने चालली. मग खत वर-खाली करायला कुणी येईना. ज्याचा त्याचा वेळ महाग, आणि 'आदर्श गल्ली'चा बोर्ड तर लागूनच गेला होता. कचऱ्याची गाडी पूर्वीसारखी येऊ लागली, शेड ओस पडली. पण वहिनींवरचा राग काही ओस पडला नाही. त्या अडेलतट्टू, त्या निगेटिव्ह, त्यांच्यामुळे उशीर झाला. हे मीही म्हणत होतो. म्हणत कसला होतो, शिकवत होतो! आमच्या प्रशिक्षणांत मी 'एका आजींची गोष्ट' सांगायचो. आधी विरोध करणाऱ्या आजी गल्लीच्या प्रेमामुळे कशा बदलल्या आणि त्यांनीच कसा हात वर केला. तरुण मुलंमुली ऐकून भारावून जायची. त्यातले कितीजण आज कुठल्या गल्लीत कुणाकडून होकार काढत असतील, याचा विचार आला की मला स्वतःचा तिरस्कार वाटतो.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. बंडूभिया माइकवर म्हणाले, "मावशींनी गल्लीसाठी आपली जागा दिली, असं मन आता बघायला मिळत नाही." शेजारीण रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हेच मला सहन होईना. या लोकांना खरंच वाटत होतं की त्यांचं वहिनींवर प्रेम होतं. मला बोलायला सांगितलं. मी उठलो, मनाशी ठरवून उठलो... आणि वहिनींच्या शिस्तीबद्दल, स्वच्छतेच्या आवडीबद्दल चार बरी वाक्यं बोलून खाली बसलो.

तेराव्यानंतर मी मीनलला भेटायला गेलो. ती घर आवरत होती. मला स्वयंपाकघरातच खुर्ची दिली, चहा टाकला. मागच्या भिंतीतली खिडकी बंद होती आणि तिच्यावर आतून एक लाकडी पट्टी ठोकलेली होती. खोलीत इतका उकाडा होता की मीनल पदरानं मान पुसत होती.

"काका, ही खिडकी आईनं का बंद केली?" तिनं विचारलं. "फोनवर म्हणायची, खताचा वास येतो. पण शेड तर कधीची रिकामी पडली आहे. वास कुठे आहे?"

मी तिला सगळं सांगितलं. चहा पिता पिता ठरलेली जागा, माझं ते वाक्य, ठेल्यापाशी उभं राहणं, नारळ, प्रशिक्षणातली गोष्ट. वहिनींनी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पलीकडे शेडपाशी रोज कोण कोण येतं, काय बोलतं, हे त्यांना खिडकीतून ऐकायचं नसावं, असं मला वाटतं. चहा उतू गेला तरी मीनलनं गॅस बंद केला नाही, मलाच उठून करावा लागला.

"मला हे सांगून काय होणार, काका?" ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी वहिनींचा. "मी परवा भोपाळला चालले. मी माफ करीन, तुम्हाला हलकं वाटेल, बस, संपलं. सभेत माइक हातात होता ना तुमच्या? तिथे का नाही बोललात? ज्यांनी थाळ्या वाजवल्या त्यांच्यासमोर बोला. पेपरात लिहिता ना तुम्ही? त्यात लिहा."

म्हणून हे लिहितो आहे. छत्रीबागेतल्या त्या गल्लीत पेपराची ही पुरवणी घरोघर जाते. बंडूभिया रागावतील, शेजारीण म्हणेल मेलेल्या बाईवरून भांडण उकरलं, आमच्या संस्थेतही विचारणा होईल. होऊ दे. वहिनींनी मनापासून कधीच 'हो' म्हटलं नव्हतं. आम्ही त्यांच्याकडून ते वाजवून घेतलं, आणि त्यात पहिला मी होतो.

निघताना मी मीनलला म्हणालो, "पट्टी काढून देऊ का? जरा हवा येईल." तिनं नको म्हटलं. आता घराला कुलूप आहे, अधूनमधून झाडून घ्यायला म्हणून किल्ली ती माझ्याकडे ठेवून गेली आहे. गेल्या रविवारी उघडून झाडून आलो. पट्टी थोडी तिरकी आहे, दोन खिळे वाकलेले आहेत. सुताराला न बोलावता वहिनींनी स्वतःच ठोकलेली दिसते. माझ्या पिशवीत पक्कड होती. खोलीत श्वास कोंडत होता, बाहेर शेडपाशी चिटपाखरू नव्हतं, दोन मिनिटांचं काम होतं. पण हो म्हणायला घरात कुणी नव्हतं... मी केर काढला, ओला-सुका वेगळा केला आणि खिडकी होती तशी ठेवून कुलूप लावलं.