ताटातल्या तांदळांवरचं नाव

शेजारच्या सुनंदाकाकूंच्या नातीचं काल बारसं झालं. आत्याने बाळाच्या कानात ‘इरा’ म्हटलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, आणि घुगऱ्या खाता खाता नावांचे अर्थ निघाले. इरा म्हणजे पृथ्वी. कुणाच्या तरी कियाराचा अर्थ मात्र कुणालाच सांगता येईना.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. “लग्नात तांदळांवर नवं नाव लिहायचं आणि बाईचं जुनं पुसून टाकायचं, ही काय पद्धत झाली? मी नाही हो बदलू दिलं!”

पाळण्याची दोरी ओढत काकू म्हणाल्या, “मी तर त्या ताटाकडे टक लावून बसले होते. कधी एकदाचं लिहितात असं झालं होतं.”

“का? आधीचं नाव काय होतं?”

“नकुसा. चौथी मुलगी ना मी.”

इतकी वर्षं आमची भिंतीला भिंत, आणि मला हे ठाऊक नव्हतं. नको असलेली मुलगी म्हणून नकुसा! म्हणजे जेवायला हाक आली तरी तेच नाव, कौतुकाने जवळ घेतलं तरी तेच, आणि पोरीने धावत जाऊन ‘ओ’ द्यायची. आईची जीभ रेटली तरी कशी? आणि मी रागावत होते कुणावर, तर त्या मूठभर तांदळांवर.

काकू पाळण्यात वाकून ‘इरा, इरा’ म्हणत होत्या.

“आई, झोपलीये ती,” सून म्हणाली.

“असू दे. झोपेतसुद्धा ऐकू दे तिला.”