पेटी जोडणाऱ्याचं नाव

“तिथेच थांब. तिथूनच सांग, कुठली वायर कुठे लावायची.”

मी व्हरांड्यात उभा होतो. हातात फॉर्म. आत सत्तरी उलटलेले काका टीव्हीच्या मागे जमिनीवर रांगत होते. त्यांचे गुडघे वाजत होते, ते मला बाहेर ऐकू येत होतं. मला त्यांची दया आली. त्या दयेची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पाचच मिनिटांपूर्वी मी त्याच खोलीत खुर्चीवर बसलो होतो.

बडोद्यात जुनी केबल बंद झाली ते दिवस. आदल्या दिवसापर्यंत वायर सरळ टीव्हीत खुपसली की चित्र यायचं. आता प्रत्येक टीव्हीला पेटी, म्हणजे सेट-टॉप बॉक्स हवा, प्रत्येक पेटीला फॉर्म हवा. पेटीचा नंबर, ग्राहकाचं नाव, खाली पेटी जोडणाऱ्याचं पूर्ण नाव आणि सही. फॉर्म गेल्याशिवाय कंट्रोल रूम पेटी चालू करत नसे. सगळ्या शहराचे पडदे काळे, आणि शिव्या खायला आम्ही.

मी बी.ए. झालेला. आमच्या घरात कॉलेज बघितलेला पहिला. वडील खानदेशातून बडोद्याजवळ बाजव्याला आले, रिफायनरीत ठेकेदाराकडे सफाईला लागले. मी गावाकडे आजोबांजवळ राहून शिकलो. केबलच्या शेठने मला ठेवून घेतलं तेव्हा आईने त्याच्यासाठी देवाला नारळ फोडला. मलाही त्याचे उपकार वाटायचे. आजही थोडे वाटतात.

दारोदारी मी गुजरातीच बोलायचो. “केबलमांथी आव्यो छुं.” केबलकडून आलोय. बस. गुजराती घरात माझं आडनाव कुणाला काही सांगत नसे. मराठी आहे, एवढंच कळायचं. मी केबलवाळा भाई. पाणी मिळायचं, कधी चहा.

त्या दिवशी अलकापुरीतल्या एका जुन्या बंगल्यावर मराठी पाटी दिसली. मला आनंद झाला. साधा, बावळट आनंद. बेल वाजवली आणि मराठीत बोललो.

“अरे, मराठी का? या, या,” काका म्हणाले. “अहो, पाणी आणा. आपल्यातले आहेत.”

काकूंनी पाणी आणलं. काकांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, हे त्यांनी सांगितलं. मी मान डोलावत फॉर्म भरत होतो. मग त्यांनी विचारलं, गाव कुठलं, वडील काय करतात. मी सांगितलं. खोटं बोलायचं मला सुचलंच नाही. त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून खालचं माझं नाव वाचलं. सावकाश. आडनावाशी थांबले.

टीव्हीच्या शेजारीच देवघर होतं.

“तू जरा बाहेर थांब,” म्हणाले.

तुम्हीचा तू झाला. काकूंनी माझा अर्धा पेला उचलला नाही. तो तिथेच राहिला.

मी बाहेर गेलो. कुणी ढकललं नाही. मीच गेलो.

“काका, पिवळी पिन पिवळ्या भोकात. पण दोन रांगा असतात, त्यातली...”

“रांगा मला कळतात.”

त्यांनी पिना चुकीच्या रांगेत लावल्या. पडदा काळाच. मला दाराबाहेरून टीव्हीची मागची बाजू दिसत नव्हती. दोन मिनिटांचं काम अर्धा तास चाललं. शेवटी त्यांनी शेठला फोन लावला, माझ्यासमोर.

“तमारो माणस अभण छे. कोई भणेलो मोकलो.”

तुमचा माणूस अडाणी आहे, कुणी शिकलेला पाठवा.

मग शेठने मला माझ्या फोनवर सांगितलं. “घरडा माणस छे. माफी मागी ले.” म्हातारा माणूस आहे, माफी माग. मी व्हरांड्यातून माफी मागितली. कशाची, ते मला ठाऊक नव्हतं.

मग शेठचा दुसरा माणूस, दीपकभाई आला. सातवी नापास, स्वभावाने चांगला, आडनावाशी कुणी थांबणार नाही असा. आत गेला, पिना काढल्या, दुसऱ्या रांगेत लावल्या. पडदा उजळला, पेटीचा नंबर आला; आता फक्त फॉर्म जायचा होता. त्याला चहा आला. काकांनी फॉर्म त्याच्यापुढे धरून मला सांगितलं, “हे नाव खोड. यांचं घाल.”

मी खोडलं. माझ्याच पेनाने, माझ्याच अक्षरात. वर दीपकचं लिहिलं.

संध्याकाळी शेठ म्हणाला, “मराठी घरात गेलास तर दीपकचंच लिहीत जा. झंझट नको.” रागावून नाही, समजावून म्हणाला. मी हो म्हणालो. पुढे कित्येक घरांत मी दीपक होतो.

मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर एक मराठी बाई होत्या. पेटी अजून जोडायची होती. त्यांनी फॉर्म वाचला आणि हसून म्हणाल्या, “दीपकभाई, बसा ना. पाणी घ्या.”

पेला मी हातात घेतला. पिववेना. ते पाणी दीपकचं होतं.

मी पेला खाली ठेवला. फॉर्म परत मागून घेतला, दीपकचं नाव खोडून माझं लिहिलं. पूर्ण. आणि त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, “आमचे हे घरी नाहीयेत आत्ता. तुम्ही बाहेरून सांगता का? मी लावते.”

“नाही,” मी म्हणालो. “जोडीन तर इथे आतच जोडीन. नाहीतर पेटी परत नेतो.”

बाईंनी नजर दाराकडे वळवली. मी पेटी बॅगेत घातली आणि जिने उतरलो. काही जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. उद्या काम राहील का, हेच डोक्यात होतं.

राहिलं नाही. शेठ म्हणाला, “आटलुं भणीने शुं शीख्यो?” एवढं शिकून काय शिकलास. त्या घरी दीपक गेला, पेटी चालू झाली. बंगल्यातलीही चालूच असेल. कुणाचं काही अडलं नाही. आईला अजून वाटतं, कंपनी बंद पडली म्हणून मी घरी बसलो.

मी दुसरीकडे काम शोधतोय. तिथेही फॉर्म असतील, नावाची ओळ असेल, कुणीतरी चष्मा कपाळावर सरकवून वाचेल. त्यांचा उंबरा त्यांच्या ताब्यात आहे, नोकरी शेठच्या ताब्यात आहे. माझ्या ताब्यात पेन आहे. माझं नाव मी माझ्या हाताने एकदा खोडलं. यापुढे ज्याला ते खोडायचं असेल, त्याने स्वतः पेन उचलावं. मी समोर उभा राहीन. व्हरांड्यात नाही.