सकाळी आठ दहा, आवाज स्पष्ट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि बायकोला मी काय काय सांगून बसलोय ते ऐकलंत तर तुम्हीच म्हणाल, या माणसाच्या पोटात काही उरलंच नसणार. नवी सायकल थेटराबाहेर विसरून मी पायी घरी आलो, आणि सायकल चोरीला गेली म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच थेटरासमोर बोंब मारली. साहेबांचा कॉल मुंबईच्या कचेरीऐवजी त्यांच्या सासऱ्यांना जोडून दिला, आणि साहेब तीन मिनिटं सासऱ्यांना 'सर, सर' करत राहिले. हे सगळं मी लग्नाकार्यात रंगवून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण एक गोष्ट मी कधी काढत नाही. आज काढायला बसलोय, आणि बघा, अजून सायकलीवरच फिरतोय.

तर, मी टेलिफोन ऑपरेटर होतो. परभणी जिल्ह्यातलं एक छोटं एक्स्चेंज. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या खेड्याबद्दल सांगणार आहे त्याचंही लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. झरीच्या पलीकडं कुठंतरी, एवढं धरून चाला. तेव्हा खेड्यात फोन म्हणजे पोस्टातला एकच काळा डबा. पोस्टमास्तरनं त्याचं हँडल गरगर फिरवायचं, इकडं आमच्या बोर्डावर त्या गावाच्या नावाचं झाकण पडायचं, मग आम्ही विचारायचं, 'बोला, कोण पाहिजे?' अशी अकरा गावं माझ्या बोर्डावर होती.

ऐकायचो का? ऐकायचो ना. कोण ऐकत नव्हतं? सेलूचा एक कापसाचा व्यापारी बोलता बोलता मधेच थांबून म्हणायचा, 'काय ऑपरेटर, ऐकायलाव ना? मग तुमीच सांगा की, पाऊस हाय का तुमच्याकडं?' आणि मी मूर्खासारखं सांगायचो, 'भुरभुर हाय.'

त्या वर्षी — अठ्ठ्याहत्तर साल — वरून एक संशोधन आलं. हो, संशोधनच म्हणत होते. खेड्यापाड्यांच्या लाईनी किती चालतात, किती बंद पडतात, आवाज कसा येतो, मधे तिसरं कुणी ऐकतं का, याचा तीन महिने अभ्यास. एक तरुण इंजिनियर छापील रजिस्टर घेऊन आला. डोळे चमकत होते त्याचे. म्हणाला, 'रोज सकाळी प्रत्येक गावाला फोन करा. कितव्या घंटीला उचलला, आवाज कसा, सगळं लिहा. ही लाईनची नाडी आहे.' मी मान हलवली. 'तिसरं कुणी ऐकतं का' या रकान्यात मी तीन महिने 'नाही' लिहिलं. ऐकणारा तिसरा मीच होतो, मला नाही तर कुणाला माहीत?

आठ दिवस मी खरोखर फोन केले. देवाशपथ. नवव्या दिवशी चहा प्यायला उशीर झाला, आणि मी हॉटेलात बाकड्यावर बसून रजिस्टर भरलं. दहाव्या दिवशीही. मग सवय लागली. अकरा गावं, अकरा ओळी, एक कप चहा.

आता नुसतं 'ठीक, ठीक, ठीक' लिहिलं तर कुणीही ओळखेल. मी काही इतका खुळा नव्हतो. म्हणून मी जीव ओतायला लागलो. पेडगावच्या लाईनीवर थोडी खरखर. आणखी एका गावात पाचव्या घंटीला उचलला, मास्तर पूजेत असावेत. आणि ज्या खेड्याचं सांगतोय, तिथले किशनराव मास्तर — त्यांना मी खोकला दिला. म्हणजे होताच त्यांना, बारमाही, मी पहिल्या आठ दिवसांत ऐकला होता. 'आवाज स्पष्ट, मास्तर खोकत होते.' इंजिनियर महिन्यानं आला, रजिस्टर चाळलं, आणि ही ओळ सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. 'निरीक्षण असं पाहिजे!' म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या लेखनाची तारीफ केली होती. मग काय — खोकला रोज सुरू झाला.

इथपर्यंत गंमतच आहे, नाही? मलाही वाटायची.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. हे तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगणार? रस्ते बंद, एसट्या बंद, गावोगावच्या बौद्धवस्त्यांवर टोळकी चालून जायची. एक्स्चेंजात आम्ही पाच जण होतो, आणि पाचांपैकी एकाचंही घर तसल्या वस्तीत नव्हतं. म्हणून आम्हाला चहा गोड लागत होता. आणि मी रजिस्टर भरत होतो. इतक्या गडबडीतसुद्धा एक दिवस खाडा केला नाही. अकरा ओळी. खरखर, पूजा, खोकला.

किशनराव त्या खेड्यातल्या बऱ्यापैकी शेतकऱ्याच्या घरातले. पोस्ट त्यांच्याच ओसरीवर. वस्तीतल्या बायका मनिऑर्डर घ्यायला, मुंबईच्या पोरांची पत्रं वाचून घ्यायला यायच्या, तर त्यांना ते ओसरीवर बसवायचे. भावकी यावरून टोमणे मारायची. ते ऐकून घ्यायचे आणि पत्र पुढं वाचायचे.

त्या दुपारी शेजारच्या गावाकडनं टोळकं यायलंय, असं वस्तीत कळलं. गयाबाई म्हणून एक बाई, घरात अंथरुणाला खिळलेला सासरा, ती पळत पोस्टात आली. 'मास्तर, ठाण्याला फोन करा.' किशनरावांनी हँडल फिरवलं. परत फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत राहिले. बाई समोर उभी. 'लागंना, गयाबाई,' ते म्हणाले, 'आवाजच न्हाई तारंत.' बाई परत पळाली. तोवर वस्तीच्या कडेची घरं पेटली होती. पाच घरं गेली. सासऱ्याला बाहेर काढता आलं नाही.

आमच्या बोर्डावर त्या गावाचं झाकण पडलं नाही. मी समोरच बसलो होतो. पडणार कसं? झरीच्या पुढं कापसाच्या रानात दोन खांबांमधली तांब्याची तार कुणीतरी कापून नेली होती. कधी? त्या दिवशी नाही. हे मला चार दिवसांनी कळलं. गावाचा हेलपाटा घालून आलेल्या टपालवाल्यानं निरोप दिला, फोन बंद आहे म्हणून. मी आमच्या लाईनमनला, हमीदभाईला, पाठवलं. तो खांबावर उरलेला तारेचा तुकडा घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवला.

'साब, ये कल-परसों का कटेला नहीं. ताजा तांबा लाल रहता. ये तो काला पडगया.'

'किती दिवस झाले असतील?'

'आठ-दस रोज.' मग माझ्याकडं बघून म्हणाला, 'आप तो रोज फोन करते ना वहाँ?'

तुम्ही काय केलं असतं? नाही — तुम्हाला का विचारतोय मी? मी केलं ते सांगतो. 'हमीदभाई, काल चोरी झाली म्हणून लिही,' म्हणालो. त्याला चार लेकरं होती आणि नोकरी कच्ची होती. त्यानं लिहिलं.

एक सरळ हिशेब सांगतो. मी नवव्या दिवसासारखा आळस केला नसता, तर तार गेली त्याच सकाळी मला कळलं असतं. हमीदभाई दुपारपर्यंत तार जोडून आला असता. आणि पुढं टोळकं आलं त्या दुपारी हँडल फिरवल्यावर झाकण पडलं असतं. ठाणं माझ्या बोर्डावर एक दोरी खोचण्याच्या अंतरावर होतं. पोलीस वेळेत पोचले असते का? ठाऊक नाही. पण हा प्रश्न विचारायचा हक्क गयाबाईचा आहे, माझा नाही.

पण हेही अजून ते नाही, जे मला सांगायचंय.

चौकशी झाली. वस्तीतल्या लोकांनी जबानी दिली की मास्तरांनी फोन लागत नाही म्हणून सांगितलं. किशनराव म्हणाले, लाईन मेलेली होती. मग मला रजिस्टर घेऊन बोलावलं. पोस्टाच्या ओसरीवरच टेबल मांडलं होतं. खाली अंगणात एका बाजूला भावकी, दुसऱ्या बाजूला वस्तीतली माणसं, त्यांच्यात गयाबाई. अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं. आदल्या दिवशी ठीक. त्या दिवशी ठीक. दुसऱ्या दिवशी ठीक. त्यांनी त्या दिवसाची ओळ मोठ्यानं वाचली:

'सकाळी आठ दहा. तिसऱ्या घंटीला उचलला. आवाज स्पष्ट. मास्तर खोकत होते.'

'हे तुमचंच अक्षर?' त्यांनी मला विचारलं.

'हो साहेब.'

'फोन केला होता?'

इथं मला थांबू द्या.

'केला होता,' मी म्हणालो.

किशनराव उठून उभे राहिले. 'साहेब, यानं फोनच केला न्हाई. लय दिवस झाले केला न्हाई.' आणि एवढं बोलताना त्यांना खोकला आला. दम लागेपर्यंत खोकले. अधिकारी थांबले, आणि मग म्हणाले, 'फोन केला नाही, तर यांना तुमचा खोकला कुठून ऐकू आला?'

भावकीतलं कुणीतरी हसलं. आणि मीही हसलो. थोडंसं. सवयीनं. माझी ओळ परत एकदा लोकांना आवडली होती.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही. एखादा माणूस ओळखीचा वाटावा आणि मग तो नाहीच असं लक्षात यावं, तसं.

पोस्ट काढून घेतलं. एवढ्यावर भागलं असतं तर — नाही, भागलं नाही. भावकीनं त्यांना डोक्यावर घेतलं. जी माणसं टोमणे मारायची तीच आता पारावर बसून पाठीवर थाप मारायची. 'मास्तर, बरं केलंव, फोन केला न्हाई ते. आपला माणूस शेवटी आपलाच.' ते म्हणायचे, 'आरे, मी केला होता. लागला न्हाई.' तर समोरचा डोळा मिचकावायचा. 'आसं म्हणावं लागतंच की!' हे मला हमीदभाईनं सांगितलं. त्याचं त्या भागात जाणं-येणं असायचं. तो सांगायचा आणि उठून जायचा, माझ्या उत्तराची वाट बघायचा नाही. नंतर सांगायचंही बंद केलं.

ज्या कृत्याची त्यांना सगळ्यात जास्त घाण वाटली असती, त्याच कृत्यासाठी गावानं त्यांचा मान केला. आणि ज्यांच्यासाठी त्यांनी हात दुखेपर्यंत हँडल फिरवलं, त्यांनी त्यांच्या ओसरीकडं बघणं सोडलं. माझी एक ओळ. दोन्हीकडून कापणारी.

अभ्यासात आमचं एक्स्चेंज चांगलं ठरलं, हेही सांगून टाकतो. लाईनी उत्तम, दुरुस्तीची गरज नाही. नवे खांब आणि तार दुसऱ्या तालुक्याला गेली. मला एक प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी भिंतीवर लावलं नाही. फाडलंही नाही.

सांगायला संधी नव्हती असं समजू नका. सोळा वर्षं होती. एसटीनं अर्ध्या दिवसात जाऊन येता आलं असतं. एकदा झरीपर्यंत गेलो, तिथं भजी खाल्ली आणि परत आलो. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, 'झरीची भजी एक नंबर.' ही तेवढी मी फजिती म्हणूनही कधी सांगितली नाही.

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नाव बदललं, तेव्हा मी बढती मिळून काउंटरवर बसत होतो. बोर्ड गेले होते, झाकणं गेली होती, बटणं आली होती. औरंगाबादला बोलायला लोकांची रांग. रांगेतून निळ्या लुगड्यातली एक म्हातारी पुढं आली. तिच्या लेकाला फोन लावायचा होता, तो तिकडं कारखान्यात होता. गावाचं नाव लिहायला विचारलं आणि तिनं त्याच खेड्याचं सांगितलं. मी मान वर केली. गयाबाईच होती. तिनं मला ओळखलं नाही. मी फक्त एकदा टेबलाजवळ उभा राहिलो होतो, तिला कशाला लक्षात राहीन?

मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. 'तिथं किशनराव मास्तर होते ना?'

'मेला की त्यो,' ती म्हणाली. 'गेल्या महिन्यात. वस्तीतलं कुणी मातीला गेलं न्हाई. मी बी न्हाई.' मग तिनं दोन्ही कोपर काउंटरवर टेकले आणि आवाज खाली आणला. 'तुमी फोनवाले हाव, तुमाला इचारते. मी माझ्या डोळ्यानं बघितलं होतं हो त्याला हँडल फिरवताना. लय जोरात फिरवत होता. घाम फुटला होता. साहेब म्हणले, लाईन तर चालू होती, त्यानं नाटक केलं. एवढी वर्सं झाली, मी तेच इचार करायलेय. हँडल फिरवलं, लाईन बी चालू, मग लागला का न्हाई? असं होतं का हो?'

मागं रांग होती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

'होतं कधीकधी,' मी म्हणालो.

'व्हय?' ती म्हणाली. आणखी काहीतरी ऐकायची वाट बघत जरा थांबली. मग लेकाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली, आणि मी तो नंबर लावून दिला.