अल्मेडाबाईंना जडच हवं होतं

आमच्या भागातली पिस्तुलं विकणारी पुरुषमंडळी एका बाबतीत ठार आंधळी आहेत. दुकानात बाई आली की त्यांचा हात आपोआप काचेखालच्या सगळ्यात छोट्या रिव्हॉल्वरकडे जातो. त्यातून ते जांभळ्या रंगात मिळालं तर आनंदीआनंद. दुकानामागची नेमबाजीची रेंज मी सांभाळते, आणि असलं रिव्हॉल्वर एकदा झाडून पुन्हा कधी न फिरकलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. त्या घाबरट नव्हत्या. त्यांच्या हातात चुकीची वस्तू दिली होती, एवढंच.

अल्मेडा प्रूइट मात्र परत आल्या.

सत्तरी ओलांडलेली, बुटकी बाई, संधिवाताने बोटं वाकलेली. ओझार्कच्या या डोंगरात त्यांनी जन्मभर शाळेची बस चालवली. दुकानाचा मालक बॉयड, मी, खुद्द शेरीफ, सगळे त्यांच्याच बसमधून शाळेत गेलो. त्यामुळे गावात त्या कुणालाही अरेतुरे करतात आणि कुणाची हूं की चूं करायची टाप नसते. नवरा गेल्यापासून डोंगरमाथ्यावरच्या घरात त्या एकट्याच राहतात. गेल्या हिवाळ्यात कुणीतरी त्यांच्या गोठ्याचं कुलूप तोडलं आणि शेरीफची गाडी वर पोचेपर्यंत अवजारं घेऊन पसार झालं. मुलाला, रॉइसला, तेवढं निमित्त पुरलं. तो लिटल रॉक शहरात विमा कंपनीत आहे. त्याने तिथे म्हाताऱ्यांच्या एका इमारतीत आईसाठी खोली बघून ठेवली.

"मी नाही यायची," बाई म्हणाल्या.

भांडून भांडून शेवटी ठरलं ते असं, की बाईंनी रेंजवर आम्ही घेतो त्या वर्गाला बसून नेमबाजीची परीक्षा द्यायची. पास झाल्या तर घर त्यांचं, नापास झाल्या तर घर विकायचं. रॉइसने बॉयडकडून स्वतःच आईसाठी रिव्हॉल्वर घेतलं. अर्थातच जांभळं, आणि उचललं तर हातात काही आहे असं वाटू नये इतकं हलकं.

पहिल्याच गोळीला बाईंच्या अंगठ्याजवळची कातडी सोलली. दुसरी गोळी लक्ष्याच्या कितीतरी खाली मातीत घुसली. तिसरी कुठे गेली ते देवालाच ठाऊक. मागे उभ्या असलेल्या रॉइसने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे ना आई. तू प्रयत्न केलास, खूप झालं."

त्या गोड बोलण्याचा मला इतका संताप आला की मी तोंड फिरवलं. बाईंनी रिव्हॉल्वर रिकामं करून टेबलावर ठेवलं.

"आता तू मार," त्या मुलाला म्हणाल्या.

"मी कशाला?"

"घेतलं कुणी हे? घेताना एकदा तरी झाडून बघितलंस?"

रॉइसने दोन गोळ्या झाडल्या, रिव्हॉल्वर खाली ठेवलं आणि तळहात पँटला चोळायला लागला.

"काय झालं रे बाळा?" बाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी पण बघायची का त्या इमारतीत खोली?"

यात गूढ काही नाही. काडतूस तेच, पण हत्यार हलकं, म्हणजे सगळा धक्का हातात येतो. असलं रिव्हॉल्वर खिशाला सुखाचं आणि हाताला जाच. बाईंना हे मी सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "रिकामी बस खड्ड्यात जास्त उडते, मला काय सांगतेस?"

मग त्या दर आठवड्याला येऊ लागल्या, एकट्याच. रेंजवर भाड्याने मिळणारं एकेक हत्यार त्यांनी वाजवून बघितलं. बॉयडने कौतुकाने छोटं पिस्तूल पुढे केलं. पण पिस्तूल भरलं की त्याचा वरचा पोलादी भाग जोर लावून मागे खेचावा लागतो, आणि बाईंच्या अंगठ्यात तो जोर नव्हता. बॉयडने दुसरं आणलं, त्याचा भाग लोण्यासारखा सरकायचा. पण त्याच्या मॅगझिनमध्ये काडतुसं दाबून बसवताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी भरून देतो ना तुम्हाला," बॉयड म्हणाला.

"आणि रात्री? माझ्या पलंगाखाली झोपणार आहेस?"

बॉयड कानापर्यंत लाल झाला. पुढे आठवडाभर दुकानात हाच विषय होता.

शेवटी बाईंनी कोपऱ्यात पडलेलं एक जुनं रिव्हॉल्वर मागितलं. कुठल्याशा पोलिसाने वर्षानुवर्षं वापरून विकलेलं, सगळं पोलादी, जड, रबरी मुठीचं. वापरून वापरून त्याचा चाप इतका गुळगुळीत झाला होता की बाईंच्या वाकड्या बोटानेही तो सरळ मागे यायचा. मी त्यात सौम्य दारूची काडतुसं भरून दिली. बाईंनी सगळ्या गोळ्या सावकाश झाडल्या. हात तपासला. कातडी शाबूत होती.

"हे."

"अहो, हे पर्समध्ये मावणार तरी का?" बॉयड म्हणाला. "वीट आहे ती."

"पर्स मी जाईन तिथे विसरते. कंबर अजून कुठे विसरले नाही. पट्टा दाखव."

परीक्षेच्या दिवशी रॉइस लिटल रॉकहून आला. बाईंच्या बरोबर सगळी तरणी मंडळी होती. बाईंचा पहिला नंबर वगैरे काही आला नाही. दोन-तीन गोळ्या कडेला गेल्या, बाकीच्या सगळ्या लागायला हव्यात तिथे लागल्या. मी निकाल वाचला तेव्हा मला कुणाला मिठी मारावी ते कळेना, कारण बाईंना मिठीबिठी आवडत नाही.

रॉइस भोकं पडलेल्या कागदाकडे बघत राहिला. तो वाईट माणूस नाही.

"कागद उलटून अंगावर येत नाही, आई. रात्री खरंच कुणी आलं तर? भीती नाही वाटत तुला?"

त्या काहीतरी फटकारून बोलणार, अशी माझी खात्री होती. गावात आजवर कुणी त्यांना घाबरलेलं पाहिलेलं नाही.

"वाटते," बाई म्हणाल्या. "रोज रात्री वाटते. मांजराने भांडं पाडलं तरी उठून बसते. पण ती माझ्या घरात वाटते रे. तुझ्या त्या इमारतीत मला कशाचीच भीती वाटणार नाही, कारण तिथे माझं म्हणून काही उरलेलंच नसेल."

रॉइसने खिशातून फोन काढला आणि ती खोली नको म्हणून कळवून टाकलं. बाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या पुन्हा काडतुसं भरत होत्या.