हरलेल्याने फोन करायचा

रविवारी सकाळी कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या पंचवीस टीम्सची यादी लागते. मी पोहे खाता खाता ती फोनवर वरपासून खालपर्यंत वाचतो. पंचविसाव्या नंबरखाली बारीक अक्षरांत 'मतं मिळालेल्या इतर टीम्स' असतात, त्याही वाचतो. आमच्या युनिव्हर्सिटीचं नाव त्यात नसणार हे मला शनिवारी संध्याकाळीच ठाऊक झालेलं असतं. तरी वाचतो. बायको म्हणते, "दहावीचा निकाल बघितल्यासारखा काय बघतोस? तुझा नंबर नाहीये त्यात."

तिचं बरोबर आहे. पण याद्या बघण्यातच आमच्या पिढीचं अर्धं आयुष्य गेलं. आधी बोर्डाची मेरिट लिस्ट, मग इथे आल्यावर ग्रीन कार्डाच्या रांगेची तारीख, जी दर महिन्याला चार दिवस पुढे सरकायची आणि एखाद्या महिन्यात मुकाट्याने वर्षभर मागे जायची. त्या मानाने कॉलेज फुटबॉलची यादी सभ्य होती. निदान तिच्यात आपण का घसरलो ते तरी कळायचं.

हा इथला फुटबॉल, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचा खेळ. मला त्यात गोडी लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मी सांगलीचा. एमएस करायला आलो ते उत्तर-पश्चिमेच्या एका लहान गावात, जिथे चहूकडे गव्हाच्या टेकड्या आणि मधोमध युनिव्हर्सिटी. शनिवारी सगळं गाव स्टेडियममध्ये जायचं, लायब्ररी ओस पडायची, मग मीही जायला लागलो. नोव्हेंबरच्या शेवटी आमचा शेवटचा सामना असायचा, त्याच राज्यातल्या मोठ्या शहरातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीशी. पहिल्या वर्षी त्या सामन्याला बर्फ पडत होतं. आमच्या टीममधल्या पोराच्या हातातून बॉल निसटला आणि मी दातओठ खात "आयला!" म्हणालो. दोन रांगा पुढे शत्रूच्या रंगाची टोपी घातलेला एक जण गर्रकन वळला आणि म्हणाला, "मराठी का बे?"

तो नागपूरचा. युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये फुकट जागा होती म्हणून पाच तास प्रवास करून आला होता. त्याला खेळाचे नियम माझ्याहून कमी येत होते. सामना ते जिंकले. रात्री त्यांची बस सुटायच्या आधी मी त्याला खोलीवर नेऊन वरण-भात खाऊ घातला. तो म्हणाला, "हरलेल्याने जेवू घालायचं, हे बरं आहे." पुढे दोघांना नोकऱ्या लागल्या, मी वाळवंटातल्या चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत आलो, तो कुठे कुठे फिरला, आणि जेवणाचा नियम बदलून फोनचा झाला. गेल्या वर्षी जो हरला असेल त्याने या वर्षी सामना सुरू होताना फोन करायचा, आणि सामना संपेपर्यंत दोघांनी फोन चालू ठेवायचा.

आमची टीम बहुतेक वर्षं हरायची, त्यामुळे फोन बहुतेक वर्षं मीच केला.

त्यात एक अडचण होती. त्याच्याकडे केबल आणि माझ्याकडे इंटरनेटवरून येणारा टीव्ही. माझं चित्र त्याच्यापेक्षा अर्धा-पाऊण मिनिट मागे. एका वर्षी आमचा बॉल हवेत असतानाच तो पलीकडून "गेला बे, गेला!" म्हणून ओरडला आणि पुढचं सगळं मला शिळं बघावं लागलं. मी फोन आपटला. नंतर ठरलं की मी "झालं" म्हणेपर्यंत त्याने चकार शब्द काढायचा नाही. हा माणूस, ज्याला सिनेमागृहात गप्प बसता येत नाही, तो प्रत्येक डावाला अर्धं मिनिट श्वास रोखून बसायचा. मला त्याच्या गप्प बसण्यावरूनही कळायला लागलं होतं. नुसता गप्प असला तर काही घडलं नाही. नाकातून श्वास सोडत गप्प असला तर आमचं वाटोळं झालं.

वर्षभरात आम्ही एरवी बोलायचो नाही. मुलांच्या मुंजी-लग्नांची पत्रिका, दिवाळीला एक मेसेज, बस. तो सामना नसता तर आम्हाला एकमेकांना फोन करायला दुसरं काही निमित्त नव्हतं. हे तेव्हा मला कळत नव्हतं, कारण सामना होता.

मग कॉन्फरन्स मोडली.

कॉन्फरन्स म्हणजे शेजारपाजारच्या युनिव्हर्सिट्यांचा गट. दर वर्षी त्याच टीम्स एकमेकींशी खेळायच्या, त्याच बसप्रवासाच्या अंतरावर. आमच्या गटात समुद्रकाठच्या आणि डोंगरातल्या टीम्स होत्या. टीव्हीवाल्यांनी जास्त पैसे देऊ केले तशा एकेक करून मोठ्या टीम्स उठल्या आणि देशाच्या दुसऱ्या टोकाच्या गटांत जाऊन बसल्या. आमची टीम कुणी बोलावली नाही. गाव लहान, टीव्ही संच कमी, यादीत नाव नाही. लग्नाच्या पंगतीत सगळे उठून गेले आणि आम्ही पानावर बसून राहिलो, तसं झालं. पॅसिफिकच्या काठावरची पोरं आता न्यू जर्सीत खेळायला साडेपाच तास विमानाने जातात आणि सोमवारी म्हणे वर्गात बसतात.

माझ्या मित्राची टीम गेली. तीही मोठ्या गटात, थाटात.

बातमी आली त्या दिवशी मी त्याला फोन केला. निमित्त नसताना केलेला तो पहिलाच फोन आणि तो मी भांडायला केला. तो तेव्हा नुकताच जर्सी सिटीला मुलाजवळ राहायला गेला होता. तो खुशीत होता. "माझी टीम आता माझ्या दाराशी खेळायला येणार यार," म्हणाला. "काऊन चिडून राहिला बे?"

मी म्हणालो, "तुम्ही विकले गेलात. इतक्या वर्षांचे शेजारी सोडून गेलात."

"चांगली जागा मिळाली तर कोणीही जाते."

"आम्ही नसतो गेलो."

तो क्षणभर गप्प राहिला. नाकातून श्वास सोडत गप्प. मग म्हणाला, "तुझी जागा किती वर्षं राखून ठेवली होती बे त्यांनी?"

हे त्याला एका सामन्याच्या मध्यंतरात मीच सांगितलं होतं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी लेक्चरर होतो. दोन वर्षांची रजा काढून आलो होतो, परत जायचं ठरवून. दोनाची तीन झाली, तिनाची चार. दर वर्षी जूनमध्ये माझे वडील स्वच्छ शर्ट घालून प्रिन्सिपॉलांकडे जायचे आणि माझी रजा वाढवून आणायचे. पत्रात लिहायचे, 'साहेब म्हणाले, जागा तुमच्या मुलाचीच आहे.' पाचव्या वर्षी मी त्यांना न कळवता कॉलेजला राजीनामा पाठवला. त्या जूनमध्येही ते कॉलेजात गेले. प्रिन्सिपॉलांनी माझं पत्र त्यांच्या हातात दिलं. मला त्यांनी त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही.

मी फोन ठेवून दिला. त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच ठेवला. आपण स्वतः चांगली जागा बघून उठलेली माणसं. निष्ठा, शेजारधर्म यांच्या गोष्टी आम्ही फुटबॉलच्या टीम्सना शिकवाव्यात हे ऐकणाऱ्याला हसू येईल असंच आहे. हे मला मान्य होतं. पण त्याने ते बोलायला नको होतं, आणि मी त्याला क्षमा करायला तयार नव्हतो.

दोन्ही युनिव्हर्सिट्यांनी सामना एक-दोन वर्षं कसाबसा सप्टेंबरात ओढून नेला. सप्टेंबरात चँडलरला अंगणातल्या नळातून गरम पाणी येतं, त्या उकाड्यात तो सामना मला आमचा वाटेना. फोन मी केला नाही, त्यानेही नाही. मग मोठ्यांच्या वेळापत्रकात जागा नाही म्हणून सामना यादीतून उडाला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता सामनाच नाही, म्हणजे हरलेला कुणी नाही, म्हणजे फोन करायची पाळी कुणाचीच नाही. अशीच चार-पाच वर्षं गेली तर एक दिवस व्हॉट्सॲपच्या कुठल्या तरी ग्रुपवर त्याच्या नावापुढे हात जोडलेली चित्रं दिसतील आणि मला तेवढंच कळेल. या विचाराने मला चक्क भीती वाटली. अनेकदा फोन हातात घेतला. सुरुवात कशी करायची ते सुचेना. आम्ही एकमेकांना "कसा आहेस?" असं कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. खिडक्या उघडता येतील अशी हवा होती. आमची टीम आता कुठल्या कुठल्या उरल्यासुरल्यांशी खेळते. त्या दिवशी कुणाशी होती ते सांगूनही उपयोग नाही, कारण मलाही त्या गावाचा पत्ता नकाशात बघावा लागला होता. सामना एका ॲपवर होता, ज्याचे पैसे माझ्याखेरीज कुणी भरत असेल असं वाटत नाही. दुसरा क्वार्टर चालू होता आणि फोन वाजला. तो होता.

मी उचलला. तो म्हणाला, "चालू झालं का?"

"दुसरा क्वार्टर."

"बरं."

बस. फोन मी नेहमीसारखा टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि बघू लागलो. प्रत्येक डाव संपला की सवयीने "झालं" म्हणत होतो. तो "हं" म्हणत होता. आमच्या पोराने लांब बॉल फेकला तेव्हा मी आधी फोनकडे कान दिला. पलीकडे साधा श्वास. म्हणजे काही नाही. पण बॉल झेलला गेला, पोरगा पळत सुटला आणि थेट शेवटच्या रेषेपलीकडे गेला, म्हणजे सहा गुण. मी ओरडलो. तो लगेच म्हणाला, "वा बे!"

मला चमत्कारिक वाटलं. इतकी मोठी गोष्ट अर्धं मिनिट आधी कळूनही याचा श्वास हलला नाही? मध्यंतरात मी विचारलं, "आता तुझं चित्र किती पुढे आहे?"

"कुठलं चित्र?"

"या सामन्याचं."

"माझ्याकडे ते ॲप नाही."

"मग बघतोयस काय तू?"

"काही बघून नाही राहिलो. बसलो आहे."

त्याची टीम यादीत वर होती, आणि त्याच दुपारी, त्याच वेळी, न्यू जर्सीतच खेळत होती. त्याच्या दाराशी. हे मला ठाऊक होतं, कारण मी यादीबरोबर वेळापत्रकही वाचतो. "तुमचा सामना चालू आहे ना आत्ता?"

"हो. पोरगा गेला आहे. माझंही तिकीट काढलं होतं त्याने."

"मग?"

"थंडी आहे यार," तो म्हणाला. बर्फात पाच तास बसने आलेला माणूस.

"आणि इतका वेळ मी नुसतं 'झालं, झालं' म्हणतोय ते ऐकत बसलास?"

"तुझ्या 'झालं'वरून कळते सगळं. तुला लपवता येत नाही बे."

मग तो म्हणाला, "ते रजेचं मी बोलायला नको होतं."

"खरं होतं ते."

"खरं होतं म्हणूनच नको होतं."

पुढचा अर्धा सामना मी त्याला मराठीतून सांगितला. मला धावतं वर्णन करता येत नाही. कोण कुठून कुठे पळाला ते सांगेपर्यंत पुढचा डाव झालेला असायचा, आणि तो मध्येच "थांब बे, बॉल कोणाकडे आहे?" असं विचारायचा. शेवटच्या मिनिटाला आमच्या पोराने मारलेली किक खांबाच्या बाहेरून गेली. मी 'झालं' असंसुद्धा म्हणालो नाही.

"हरले?" त्याने विचारलं.

"हरलो."

"मग पुढच्या वर्षीचा फोन तुझा."

"तुझ्याशी कुठे हरलो?"

"हरलेल्याने करायचा, एवढंच ठरलं होतं. कोणाशी हरलेल्याने, ते कधी ठरलं होतं?"

"करीन," मी म्हणालो. आणि फोन आधी कुणी ठेवायचा हे काही आमचं कधी ठरलेलं नव्हतं, म्हणून बराच वेळ दोघांनीही ठेवला नाही.