ईदची मेंदी, गौरीची मेंदी

शमशाद मुजावर निपाणीची. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे हिशेब मराठीत, भांडण मराठीत, स्वप्नं पडायची तीही मराठीतच. लग्न होऊन बेंगळुरूला, के. आर. पुरमला आली आणि तिची पंचाईत झाली. गल्लीतल्या बायका तिच्या मराठी वळणाच्या हिंदीला हसायच्या, आणि मराठी मंडळी तिचं नाव ऐकलं की जरा सरकून बसायची. नवरा रियाज गॅरेजात मेकॅनिक. घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. साड्यांना फॉल-पिको करताना ती शिलाई मशीनशीच मराठीत बोलायची. मशीन हुंकार भरायलाही तयार नसायचं.

मग वसुमती टीचर भेटल्या. लेक नाझनीनला त्या गणित शिकवायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. मराठी घरात उरलेली, तीही निम्मी कन्नड. पालकसभेत शमशाद स्वतःशीच पुटपुटली, "आई गं, काय उकडतंय," आणि टीचर गर्रकन वळल्या.

"अय्यो, तू मराठी? मग टीचर-बीचर नको. अक्का म्हण मला."

तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी दोघींचं बोलणं संपेना. शमशाद अर्धा तास आधीच जाऊन उभी राहायची, आणि नाझनीन लाजून चूर व्हायची. मागच्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी अक्का घरी आल्या. शमशादचा मेंदीचा हात गल्लीत नावाजलेला.

"स्वल्प दाट काढ गं," अक्का म्हणाल्या, "शाळेत सगळ्यांना दाखवायची आहे."

दाखवलीही. मुख्याध्यापक श्रीहर्ष सरांनी कौतुक केलं. वर्गातल्या कितीतरी मुलीही रंगलेल्या हातांनी आल्या, आणि शाळेत मेंदीला बंदी आहे हे कुणाला आठवलंसुद्धा नाही.

नियम जागा झाला तो यंदा जूनमध्ये, बकरीदनंतर.

नाझनीनच्या दोन्ही हातांवर आईनं जीव ओतून वेल काढली होती. पहिल्याच तासाला पोरीला वर्गाबाहेर बसवलं. रंग जाईपर्यंत आत यायचं नाही, म्हणे. मेंदीचा रंग म्हणजे काय पाटीवरची अक्षरं, की फडकं फिरवलं आणि गेली? तिनं घरी येऊन हात लिंबानं घासले, मिठानं घासले, शेवटी भांड्यांच्या काथ्यानं घासले. कातडी सोलली, रंग तसाच. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना विचारलं, गौरीला चाललं ते आता का नाही? झालं. मेंदीवर उद्धटपणाचा गुन्हा चढला आणि आईला बोलावणं आलं. लेखी माफी मागा, नाहीतर दाखला घेऊन जा. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण कुठल्याही शाळेच्या नियमावलीत छापत नाहीत, पण पाळतात मात्र काटेकोर.

शमशाद घाबरली नाही. शिस्त समितीत अक्का होत्या. "अक्का एक वाक्य बोलतील आणि मिटेल," तिनं बसमध्ये लेकीला सांगितलं.

खोलीत श्रीहर्ष सर मधोमध बसले होते, शेजारी अक्का. सर आवाज न चढवता हिंदीत बोलले, की तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत धर्म आणायची सवय. इथे सगळे सारखे. शमशादनं अक्कांकडे पाहिलं.

"अक्का, तुम्ही सांगा ना. गौरीला तुमच्या हातावर मीच काढली होती."

सरांना मराठी येत नव्हतं. त्या खोलीत ते वाक्य आणखी एकाच मोठ्या माणसाला कळलं. वसुमती टीचरांनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

"रूल इज रूल, मिसेस मुजावर," त्या म्हणाल्या.

वाईट बाई नव्हती हो ती. निवृत्ती जवळ आलेली, साहेबाची मर्जी सांभाळायची. पण भित्रेपणाची किंमत नेहमी दुसराच कुणीतरी मोजतो. शमशादला इंग्रजी फारसं येत नव्हतं, तरी एवढं कळलं. या शहरात नवी आली तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून तिनं माफी लिहून दिली. नाझनीन रंग उतरेपर्यंत बाहेरच बसली. फाटकाशी मग कुणी उभं राहिलं नाही. लेक एकटीच येऊ-जाऊ लागली.

आणि पुन्हा गौरी आली. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर वसुमती टीचर, हातात मेंदीचा कोन आणि चकल्यांचा डबा.

"रागावलीस होय गं? नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत माझी. सर कुणाचं ऐकत नाहीत. स्वल्प समजून घे."

शमशादनं खुर्ची दिली, पाणी दिलं. टीचरांनी दोन्ही तळवे पुढे केले. नाझनीन आतल्या दारात येऊन उभी राहिली, हात ओढणीत लपवून. ती आता घरातही हात लपवायची.

शमशादनं कोन घेतला. टोक तळव्यावर टेकवणार, तोच थांबली. बाजारात भाजीवाल्याशी बोलायची त्या हिंदीत तिनं विचारलं, "मॅडम, स्कूल में चलेगा क्या?"

वसुमती टीचर आपल्या कोऱ्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मुठी मिटल्या, उठल्या आणि चपला घालून निघाल्या. कोन शमशादच्याच हातात राहिला.

तिनं दार लोटून घेतलं. पाहुणा निघाला की निपाणीत म्हणायचं, ते सवयीनं तोंडातून निघालंच.

"सावकाश जा, अक्का."

जिन्यावरची पावलं तोवर खाली पोचली होती.